फोन मुलाचा नाही, आपला आहे

तीन वर्षांच्या मुलाकडे मोबाइल नसतो. त्याच्या नावावर सिमकार्ड नसते, रिचार्ज त्याने मारलेला नसतो आणि दुकानात जाऊन हँडसेटही त्याने पसंत केलेला नसतो. ज्या फोनवर तो तासन् तास व्हिडिओ पाहतो तो आईचा, बाबांचा नाहीतर आजोबांचा असतो आणि घरातल्याच कुणीतरी मोठ्या माणसाने तो त्याच्या हातात दिलेला असतो. गोष्ट इतकी साधी आहे. तरीही लहान मुलांच्या मोबाइलवेडाची चर्चा घरात, पालकसभेत किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यात होते तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. ‘आमचा तर मोबाइलशिवाय जेवतच नाही’ हे वाक्य आपण अशा सुरात म्हणतो, की जणू ही सवय मूल जन्माला येतानाच सोबत घेऊन आले होते. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांपुरते बोलायचे, तर मला हा प्रश्न मुलांच्या मोबाइलचा वाटतच नाही. मोठ्यांचा मोबाइल मुलाच्या हातात कधी जातो, कशासाठी जातो आणि कुणाच्या सोयीसाठी जातो, एवढाच तो प्रश्न आहे. म्हणून घरात नियम करायचाच असेल, तर तो आधी मोठ्यांनी स्वतःसाठी करायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना जाहीर केल्या. एक वर्षापर्यंतच्या बाळासमोर पडदा नकोच, दोन वर्षे पूर्ण होईपर्यंतही तो टाळावा, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, असे त्या सांगतात. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, नंतर जवळपास हीच मर्यादा घालून दिली आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ती दोन तासांच्या आत ठेवली. हे आकडे बहुतेक सुशिक्षित पालकांच्या कानावरून गेलेले असतात. ज्याकडे फारसे लक्ष जात नाही ते असे, की आरोग्य संघटनेच्या त्या सूचना मुळात मोबाइलविषयी नाहीतच. त्या शारीरिक हालचाल, बैठेपणा आणि झोप यांविषयी आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी, दिवसभरात किमान तीन तास हालचाल हवी, असा चोवीस तासांचा हिशेब त्यांत मांडला आहे. त्यातून जेवण, अंघोळ, कपडे, येणे-जाणे वजा केले की हातात फार वेळ उरत नाही. पडद्याला दिलेला प्रत्येक तास म्हणजे दुसऱ्या कशातून तरी काढून घेतलेला तास, हा त्या हिशेबाचा अर्थ आहे. तो कशातून काढून घेतला जातो, हे पाहिल्याशिवाय मिनिटे मोजण्यात हशील नाही.

सर्वांत आधी तो बोलण्यातून जातो. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली. काही बाळांबरोबर चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, खेळली, त्यांनी पुस्तके वाचून दाखवली. अशा बारा बैठका झाल्या. काही बाळांना त्याच माणसांचे तेच बोलणे व्हिडिओवर दाखवले आणि काहींना नुसते ऐकवले. प्रत्यक्ष माणसांच्या सहवासातल्या बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. व्हिडिओ पाहणारी आणि नुसती ऐकणारी बाळे होती तिथेच राहिली. आवाज तोच, शब्द तेच. पण बाळाने ‘ऊं’ केले की थांबणारे, त्याच्या नजरेमागे आपली नजर नेणारे आणि त्याने बोट दाखवलेल्या वस्तूचे नाव सांगणारे माणूस समोर नव्हते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांनाही नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल करायची मुभा दिली आहे, तिचे कारणही यातच सापडते. नातू न्यू जर्सीत आणि आजी सांगलीत असली, तरी नातू हसला की आजी हसते, त्याने भू-भू म्हटले की तीही म्हणते. कार्टूनमधला हत्ती मुलाने काहीही म्हटले तरी आपले ठरलेलेच वाक्य बोलतो.

याच्या पुढची पायरी ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने दाखवली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २२० कुटुंबांतल्या मुलांच्या कपड्यांना एक छोटा रेकॉर्डर लावला होता. मूल एक वर्षाचे असल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक अख्खा दिवस घरातला आवाज टिपला गेला. तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत असे दिसले, की पडद्यासमोरच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मोठ्यांनी मुलाच्या कानावर घातलेले शब्द सरासरी साडेसहांनी कमी झाले, मुलाचे स्वतःचे उद्गार पाचांच्या आसपास कमी झाले आणि एकाने बोलायचे व दुसऱ्याने उत्तर द्यायचे अशी देवाणघेवाण एकाने घटली. मुले दिवसाला जवळपास तीन तास पडद्यासमोर होती. म्हणजे दिवसाकाठी हजाराहून अधिक शब्द मुलांच्या कानावर पडलेच नाहीत. घरात कुणी रागावले नव्हते, कुणी दुर्लक्षही केले नव्हते. मूल शांत बसले होते, म्हणून मोठेही शांत बसले, एवढेच. पालकांना जी शांतता हवीशी वाटते तीच मुलाला महाग पडते, असा या आकड्यांचा अर्थ मी लावतो.

जेवणाची वेळ पाहिली की हे आणखी स्पष्ट दिसते. ताटाला टेकवून फोन उभा केलेला असतो. मुलाची नजर पडद्यावर खिळलेली असते, घास ओठांना लागला की तोंड उघडते, चावून झाले न झाले तोच दुसरा घास येतो. मध्येच जाहिरात आली की तोंड मिटते आणि जाहिरात संपेपर्यंत वरणभाताचा हात हवेत थांबतो. मुलाने भाजी कोणती खाल्ली हे त्याला ठाऊक नसते आणि पोट भरल्याचेही कळत नाही, कारण ताट रिकामे होण्यावर सगळे अवलंबून असते. काऊ-चिऊचा घास भरवणाऱ्या आजीला मेंदूविज्ञान ठाऊक नव्हते. पण त्या भरवण्यात खिडकी होती, कावळा होता, प्रश्न होते, रुसवा होता आणि मुलाने ‘पुरे’ म्हटलेले ऐकून घेणारे माणूस होते. शिवाय त्या ताटाजवळ मोठ्यांचेही फोन असतात, हे विसरून चालणार नाही. बालरोगतज्ज्ञ जेनी राडेस्की यांच्या गटाने बोस्टनमधल्या फास्ट फूडच्या उपाहारगृहांत मुलांसह जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांचे निरीक्षण केले. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५५ पैकी ४० जणांनी जेवताना फोन वापरला होता. जे फोनमध्ये फार गढले होते त्यांचे लक्ष वेधण्यासाठी मुलांनी दंगा केला तेव्हा त्यांनी मुलांवर बऱ्याचदा करवादूनच उत्तर दिले. पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही उपाहारगृहात रविवारी संध्याकाळी बसले तर चित्र वेगळे दिसेल, असे मला वाटत नाही.

रडणाऱ्या मुलाच्या हातात फोन देण्याविषयी मात्र मी अधिक कठोर आहे. मूल हट्टाला पेटते, दुकानात जमिनीवर लोळण घेते, लोक वळून पाहू लागतात. अशा वेळी फोन काढून दिला की अर्ध्या मिनिटात सगळे शांत होते. पालकांची त्या क्षणाची अडचण खरी असते. पण राग, निराशा, कंटाळा यांतून बाहेर कसे यायचे हे मूल याच वयात, याच प्रसंगांतून शिकते. सतत कडेवर राहिलेल्या मुलाचे पाय जसे बळकट होत नाहीत, तसे दर वेळी पडद्याने गप्प केलेल्या मुलाला स्वतःला सावरता येत नाही. राडेस्की यांच्याच गटाने तीन ते पाच वर्षांची मुले असलेल्या ४२२ पालकांचा काही महिने मागोवा घेतला. मुलाला शांत करण्यासाठी फोन जितका अधिक वेळा दिला गेला तितकी पुढच्या काळात मुलाची चिडचिड वाढल्याचे, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळात चंचल असलेल्या मुलांमध्ये, आढळले. म्हणजे ज्या मुलांना शांत करणे अवघड असते त्यांच्याच हातात फोन अधिक जातो आणि त्यांनाच तो अधिक बाधतो. हे चक्र मूल तोडू शकत नाही. ते तोडायचे काम मोठ्यांचे आहे आणि पहिले काही दिवस तरी त्यासाठी रडणे सोसावे लागते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप अभ्यासकांचाच आहे. यातले बरेच पुरावे दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सांगतात. पडद्यामुळेच मूल मागे पडते असे त्यांतून सिद्ध होत नाही, असे ते म्हणतात. आक्षेप रास्त आहे. ज्या घरात ताण अधिक, मदतीला माणसे कमी, तिथे फोनही अधिक दिला जात असेल आणि मुलाचा विकासही त्याच ताणामुळे मंदावत असेल. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये किशोरवयीन मुलांची प्रचंड माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरकच डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मोबाइलमुळे एक पिढी बरबाद झाली, अशी हाकाटी करणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा. मात्र तो किशोरांविषयी आहे. नुकते बोलू लागलेल्या मुलाचा मामला वेगळा आहे, आणि पडदा मेंदूवर काही विषारी परिणाम करतो असे मी म्हणतही नाही. माझे म्हणणे वजाबाकीचे आहे. बोलणे, झोप आणि मोकळ्या हवेतले खेळणे यांची मुलाला गरज असते याबद्दल कुठल्याही अभ्यासकाचा वाद नाही. शिवाय सगळेच पुरावे नुसत्या सहसंबंधाचे नाहीत. कूल यांचा प्रयोग प्रयोगच होता. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा घराबाहेर नेले गेले, तोही रीतसर प्रयोग होता. तीन वर्षांनंतर त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना. उन्हात खेळण्याने डोळे वाचतात. फोन हातात घेऊन पलंगावर लोळणारे मूल त्या उन्हाला मुकते.

दुसरा आक्षेप माझ्या लेखी सर्वांत वजनदार आहे. हे सगळे सांगणे सोपे, पण घरात एकटीने स्वयंपाक, धुणीभांडी, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी आणि वर नोकरी सांभाळणाऱ्या आईने करायचे काय? पूर्वी मूल अंगणात, वाड्यात, चाळीच्या गॅलरीत चार माणसांच्या नजरेखाली असायचे. आता ते दोन खोल्यांत असते. कुकरची शिट्टी होईपर्यंत त्याला गुंतवणारे दुसरे माणूस घरात नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा आकडा समोर असताना आईला फोनवरून बोल लावणे अन्यायाचे आहे. मोबाइलविषयीच्या बहुतेक उपदेशांत ‘पालक’ हा शब्द असतो, पण रोख मात्र आईवर असतो. बाबांनी संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या फोनमध्ये डोके घालायचे आणि मुलाला फोन का दिला म्हणून बायकोला जाब विचारायचा, हे दृश्य कितीतरी घरांत आहे. फोन दूर करायचा तर कुणीतरी मुलाजवळ बसले पाहिजे आणि ते बसणे बाबांच्याही वाट्याला आले पाहिजे. तेवढे झाल्याशिवाय वेळेच्या मर्यादेचे सगळे बोलणे पोकळ आहे.

याच आक्षेपाचा एक भाग पैशाचा आहे. खेळणी, पुस्तके, छंदवर्ग परवडत नाहीत, म्हणून फोन, असे अनेक जण सांगतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले ते आठवावे. बिया, पाने, शंख-शिंपले, माती, काड्या अशा आजूबाजूच्या वस्तूंवर त्यांची बालवाडी चालली. पुढे देशभर गेलेल्या अंगणवाडीचे मूळ तिथलेच. आजही स्वयंपाकघरात बसलेल्या मुलाला मटार सोलायला, डाळ-तांदूळ वेगळे करायला, कणकेचा गोळा मळायला दिला तर अर्धा तास जातो. ओटा खराब होतो, काम लांबते, हे कबूल. पण त्या अर्ध्या तासात मूल पन्नास प्रश्न विचारते. आणि कधी खरोखरच हात अडकले असतील, अंगात ताप असेल, तर वीस मिनिटे फोन दिला म्हणून आकाश कोसळत नाही. तेव्हा आपणच निवडलेली एखादी गोष्ट लावावी, एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद करून ठेवावे आणि ती संपली की फोन परत घ्यावा. जेवताना, झोपताना आणि रडताना मात्र तो नकोच.

हे तर कंपन्यांचे आणि सरकारचे काम, पालकांच्या गळ्यात का मारता, असेही विचारले जाते. कंपन्यांना मोकळे सोडावे असे मी मुळीच म्हणत नाही. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. २०२१ मध्ये यूट्यूबने मुलांसाठीच्या अ‍ॅपवर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणे मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवले, तेही दबाव वाढल्यावर. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. हे कायदे हवेतच. पण ते खात्यांवर चालतात आणि तीन वर्षांच्या मुलाचे खातेच नसते. ते बाबांच्या खात्यावरून पाहते, तेव्हा पलीकडची यंत्रणा त्याला प्रौढ माणूस धरूनच वागते. मुलांसाठी केलेली बरीचशी संरक्षणे अशा वेळी लागूच होत नाहीत. कायद्याचा हात घरातल्या ताटापर्यंत पोहोचत नाही, आणि तो तिथवर पोहोचावा अशी इच्छाही कुणी करू नये.

आपल्याच राज्यातली २०२२ मधली दोन गावे या बाबतीत बोलकी आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा मार्ग धरला. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे ठरले. मुलांचे नव्हे, सगळ्यांचेच. आईची मालिका बंद, बाबांचे व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि त्या दीड तासात मुलांनी अभ्यासाला बसायचे. अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना पटवले. बांसीच्या ठरावामागची काळजी मला कळते. पण वडगावची वाट अधिक शहाणपणाची आहे, कारण तिथे मोठ्यांनी मुलाकडून जे मागितले ते आधी स्वतः दिले. हातातल्या फोनवरची नजर न काढता ‘बास झाला मोबाइल’ म्हणणाऱ्या बापाचे मूल शब्द ऐकत नाही, हात पाहते. शहरात प्रत्येक सोसायटीत भोंगा बसवता येणार नाही. एका घरापुरता तो दीड तास मात्र कोणतेही कुटुंब ठरवू शकते.

फोन लवकर हाताळला नाही तर मूल पुढे मागे पडेल, ही भीती थोडक्यात निकालात काढण्यासारखी आहे. ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची स्थिती पाहणाऱ्या ‘असर’ २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. यातली बहुतेक मुले पाळण्यात असताना त्यांच्या घरात स्मार्टफोन नव्हता. बोटाने पडदा सरकवणे शिकायला चार दिवस पुरतात. भाषा शिकायला बालपण लागते.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगायला हवी. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर ‘मोबाइलमुळे झालंय, बंद केला की बोलेल’ म्हणून वाट पाहत बसू नका. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचा शब्द सध्या समाजमाध्यमांवर फिरतो आहे. वैद्यकशास्त्रात ते मान्य निदान नाही. अशा मुलाला ऐकू कमी येत असेल, स्वमग्नता असेल किंवा नुसता उशीर असेल. ते तपासणीनेच कळते आणि जितक्या लवकर कळेल तितका उपचारांचा उपयोग अधिक होतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी पथके येतात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे ही सेवा मोफत मिळते.

बाकी प्रत्येक घराला माझी एकच विनंती आहे. आज रात्री जेवायला बसण्याआधी घरातल्या सगळ्यांचे, आजी-आजोबांचेसुद्धा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मूल झोपेपर्यंत तिथेच राहू द्या. पहिले चार-पाच दिवस मूल जेवणार नाही, रडेल, फोनसाठी घर डोक्यावर घेईल. त्या दिवसांत घरातल्या एकानेही माघार घेऊ नये, आणि मुलाला सांभाळण्याची पहिली पाळी बाबांनी घ्यावी.